मनुबाईनं निजवलेली पोरं

पोरं निजवायची ज्याची त्याची रीत. कुणी मांडीवर घेऊन पाय हलवतं, कुणी पाठ थोपटतं, कुणी गुळाचा खडा दाखवतं आणि पोर निजल्यावर तो आपल्याच तोंडात टाकतं. पण नागावच्या पुढं, खाडीच्या तोंडाशी जो कोळीवाडा होता, तिथल्या बायांना बारा-तेरा वर्षं यातलं काहीच करावं लागलं नाही. आईनं नुसतं म्हणायचं, "मनु आली हां!" की पोराचे डोळे गच्च. असं सुख मुंबईच्या मडमेलासुद्धा लाभलं नसेल.

ही मनु कुणी हडळ नव्हती की जखीण नव्हती. त्याच कोळीवाड्यातली, शेवटच्या झोपडीतली मनुबाई. जवळा सुकवायची, बोंबील वाळत घालायची, मीठ संपलं की चारचौघींसारखी शेजारी उसनं मागायला जायची.

आता कुणी म्हणेल, पोरं निजवायला एवढी दहशत कशाला? दिवस मावळला की पोर आपसूक पेंगतं. शेतकऱ्याच्या घरचं पेंगत असेल. कोळ्याच्या पोराची झोप सूर्यावर नसते, भरतीवर असते. त्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल. होड्या आत यायच्या त्या भरतीच्या पाण्याबरोबरच. आज भरती दुपारी, तर आठ दिवसांनी दिवेलागणीला. होडी टेकली की घरची बाई पाटी घेऊन पाण्यात उभी पाहिजे. घटकाभर उशीर झाला तर बोंबलाचं पाणी होतं, मग ते कुत्रंही हुंगत नाही. बापूस होडीत, आयस पाण्यात, आणि घराला दार म्हणजे माडाच्या झावळ्यांचा झाप. तो तर मांजरसुद्धा डोक्यानं ढकलतं. म्हणून होडी यायच्या आधी पोर निजलं पाहिजे. झोप आलेली असो की नसो.

मनुबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण जीव मऊ. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा धर्माजी तीन दिवसांच्या तापानं गेला. पदरात मुलगी केसर आणि मांडीवर हिरामण. दिराच्या होडीची मासळी वाहून ती पोरं पोसायची. तिला लहानपणी देवी येऊन गेलेल्या. सगळ्या तोंडावर वण आणि डावा डोळा पांढरा. नवखा माणूस बघून जरा थबकायचा. हिरामण कशाला थबकेल, त्याची आईच ती. आईच्या गालावर एक खोल वण होता, त्यात बोट रोवायचं आणि निजायचं, ही त्याची खोड. मग तोंड उघडं पडायचं आणि लाळ आईच्या खांद्यावर.

पण झोप आली तर. भरती दुपारची असली की पोरगा टकटकीत. बाया म्हणायच्या, "मनु, दोन धपाटे घाल. रडून दमला का निजंल."

"बापूस न्हाय त्याला," मनुबाई म्हणायची. "आनि मी रडवू?"

तो चार वर्षांचा झाला त्या साली एकदा भरती दिवेलागणीला आली. होड्यांची हाक ऐकू आली तरी हिरामण जागाच. मनुबाईनं एक पाटी आपण घेतली, एक दहा वर्षांच्या केसरच्या डोक्यावर दिली आणि त्याला म्हणाली, "तू हितंच बस हां. मी आलेच."

"बसतो," तो म्हणाला.

बसला असेल घटकाभर. मग झाप ढकलून आईच्या मागं निघाला. पाणी कुठवर चढलंय हे चार वर्षांच्या जिवाला काय कळणार? दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला तो खाडीत रोवलेल्या, डोलीचं जाळं बांधायच्या खुंटाशी सापडला.

त्याला पुरून माणसं परतली, तेव्हा शेजारची सोनाबाई मनुबाईजवळ बसली आणि म्हणाली, "चार धपाटे घातले असतेस तर आज जिता असता गो."

वाईट मनानं म्हणाली असं नाही. सोनाबाईला खरं बोलायची खोड होती. असली खोड असलेली बाई गावाला एक पुरे.

मनुबाईनं ते वाक्य गिळलं आणि ते तिच्या पोटात तसंच राहिलं, माशाचा काटा राहतो तसं.

सात-आठ महिने गेले असतील. भर दुपारी भरती होती. मनुबाई पाटी घेऊन निघाली, तर सोनाबाईच्या कुडाच्या भिंतीतून आवाज आला. सोनाबाईचा सदू, तीन वर्षांचा, निजायला तयार नव्हता.

"निज म्हनते ना! न्हाय निजत? बोलवू मनुला? तिनं तिचा हिरामण दर्याला दिला, आता तुला न्यायला येल."

आत सगळं चिडीचूप झालं.

दुसरी कुणी असती तर झिंज्या धरून सोनाबाईला बाहेर ओढली असती, आणि कोळीवाड्यानं उभं राहून मजा बघितली असती. मनुबाई कुडाशी उभी राहिली. कान देऊन ऐकत राहिली. पोराचा हूं नाही की चूं नाही. तिच्या मनात काय आलं असेल ते ऐका. तिला वाटलं, हे पोर आज पाण्याकडं जाणार नाही.

दोन दिवसांनी सदू आईला म्हणाला, "मनु काय येत न्हाय. खोटी तू." सोनाबाईनं हाक मारली, "मनु, ये गो जरा. नुसतं तोंड दाखव."

आणि मनुबाई गेली.

पहिल्यांदा तिनं नुसतं तोंडच दाखवलं. पुढं पोरं सरावतात हे ध्यानात आलं, तशी तिनं आपली रीत बसवली. ऐनाच्या सालीत रंगवलेलं जुनं काळपट जाळं डोक्यावरून घ्यायचं. हातात चिमणी, ती हनुवटीखाली धरायची. कोळ्याच्या झोपडीला खिडकी कुठली, भर दुपारीही आत अंधारच. आत शिरायच्या आधी बाहेरून मोठ्या शिंपल्यानं कूड तीनदा खरवडायचा. एक. मग थांबायचं. दोन. मग पुष्कळ थांबायचं. तिसऱ्या खरवडीच्या आत ज्याचे डोळे मिटले ते पोर सुटलं. ज्याचे मिटले नाहीत त्याच्यासाठी ती आत जायची. ओरडायची नाही, हात लावायची नाही. नुसती उभी राहायची. पांढरा डोळा चिमणीच्या उजेडात आपलं काम करायचा.

भरतीच्या आधी सात-आठ झोपड्या व्हायच्या. बाया मूठभर जवळा द्यायच्या, कधी चार मांदेली. एखादीला घाई असली तर दुरूनच ओरडायची, "मनुबाय, आमच्याकडं आधी गो! आमचं कार्टं लई माजलंय!" जशी काही कल्हईवाल्यालाच हाक मारतेय.

पण एक खरं. त्या बारा-तेरा वर्षांत कोळीवाड्यातलं एकही पोर भरतीत गेलं नाही. एकही नाही. मनुबाई रोज निजताना हे स्वतःला सांगायची. दुसरं सांगायला कोण होतं? ज्या पोरांना तिनं पाण्यापासून राखलं, त्यांच्या भावंडांच्या बारशाला तिला बोलावणं नसायचं. "पोरं रडतात गो," बाया म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी घुगऱ्यांचा द्रोण झापाबाहेर ठेवलेला मिळायचा. सदूला पुढं मिसरूड फुटलं, वल्हं मारताना दंडाच्या बेटकुळ्या दिसू लागल्या, तरी समोरून मनुबाई आली की तो खाली वाकून उगाच कमरेचा रुमाल सारखा करत बसायचा. तेरा वर्षांत एकाही पोराचं अंग मनुबाईच्या अंगाला लागलं नाही.

केसर हे बघत मोठी झाली. लग्न होऊन मुंबईला गेली तेव्हा जाताना आईला एवढंच म्हणाली, "ते जाळं जाळून टाक." मनुबाई म्हणाली, "बघू." जे करायचं नसतं त्याला बघू म्हणतात.

पाच-सहा वर्षांनी केसर आली ती मांडव्याला उतरून, तिथून मासळीच्या मचव्यातून. बरोबर चार वर्षांची शकू. मुंबईच्या गोदीत केसरचा नवरा भिकू ओझी उचलायचा, त्याच्या पाठीत उसण भरली ती भरलीच. तो आता खाटेवर. केसरला गिरणीत काम मिळत होतं, पण पोर ठेवायची कुणाजवळ?

"आये, आठ दिस ऱ्हाते," केसर म्हणाली. "शकू तुझ्यापाशी निजली तर हितं ठेवून जाते. न्हाय निजली, रडली, तर उरणला नणंदेकडं ठेवीन. तिला पाच हायेत, सहावी काय जड न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आनि माझ्या पोरीला ते जाळं दिसता उपयोगी न्हाय. सांगून ठेवते."

"खुळी का काय? माझी नात ती."

मनुबाईनं जाळ्याचं बोचकं केलं आणि बोंबील वाळत घालायच्या वलांडीमागं, पाट्यांच्या खाली कोंबलं. आता रोज तिथूनच घ्यायचं आणि तिथंच ठेवायचं. काम सोडायचं तिच्या मनातही आलं नाही. ती सोडती तर एखादं पोर पाण्यात जातं, आणि मग?

शकूला मुंबईत असल्या काही गोष्टी ठाऊक नव्हत्या. तिनं आजीच्या तोंडाकडं पुष्कळ वेळ बघितलं आणि विचारलं, "आजी, तुझा गाल उंदरानं खाल्ला?"

केसर ओरडली, "गप गो!"

मनुबाईला हसू आलं. कितीतरी वर्षांनी आलं असेल, कारण केसर दचकलीच. "उंदीर कशाला खाईल? देवी पावणी आली हुती. जाताना पावलं ठेवून गेली."

"बघू?" म्हणत शकूनं बोट पुढं केलं आणि एकेक वण चाचपला. गालावरचा तो खोल वण सापडला तशी म्हणाली, "हितं लई जोरात चालली."

चौथ्या दिवशी दुपारी शकू आजीच्या कुशीत शिरली, त्या वणात बोट घातलं आणि बोलता बोलता निजली. तोंड उघडं. लाळ आजीच्या खांद्यावर. त्या दिवशी भरतीची हाक आली तरी मनुबाई उठली नाही. सोनाबाई झापाशी येऊन खेकसली, "मनु! आज काय संप हाय? आमची पोरं तंबोऱ्यासारखी वाजतायत!" मनुबाईनं नुसता हात हलवून तिला जायला सांगितलं. पोर जागं होईल म्हणून तोंडातून शब्द काढला नाही.

सोनाबाईला ते लागलं. तिच्या लेकीची तीन पोरं तिच्या गळ्यात, आणि त्या दिवशी त्यातलं एक गुडघाभर पाण्यात सापडलं. वेळेवर सापडलं म्हणून बरं. संध्याकाळी ती येऊन म्हणाली, "तुझी नात निजव तू. आमची जाऊ देत खुंटाला."

खुंटाचं नाव निघालं तिथंच मनुबाईचं ठरलं. "उद्यापास्नं येते," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी भरती दिवेलागणीला होती. मनुबाई पलीकडच्या झोपड्या करायला आधीच गेलेली. केसर आईची मासळी वाहायला पाटी घेऊन निघाली, तर सोनाबाई दारातून म्हणाली, "पोरीला माझ्याकडं टाक गो. आमच्या तिघांत चौथी निजंल." केसरला घाई. तिनं शकूला आत ढकललं आणि धावली.

सोनाबाईला ठाऊक नव्हतं का, आता थोड्या वेळानं कोण येणार? होतं. तिनं पुढं कितीदा तरी सांगितलं, "म्हटलं बघू तरी, आमची भेतात तशी हिची भेते का. सगळी पोरं सारखी, न्हाय का?" खरं बोलायची खोड. तिचा मोठा नातू गोधडीत शकूच्या कानाशी लागला, "मनु येनार. तिनं तिचा पोऱ्या दर्याला दिला. डोळं मिट, न्हायतर तुला नेल." शकूला मनु हे नाव कुठं माहीत? तिची आजी म्हणजे आजी.

बाहेरून कूड खरवडला. एक.

गोधडी आक्रसली. दोन.

मनुबाईला आतून कुजबूज ऐकू आली. अजून कुणीतरी जागं होतं. तिसऱ्या खरवडीला न थांबता तिनं झाप सारला आणि आत पाऊल टाकलं. जाळं डोक्यावर, चिमणी हनुवटीखाली. गोधडीतून चार डोकी वर आली होती. तिनं नेहमीच्या सवयीनं मोजली, तीन हवीत, चार कशी?

चौथं डोकं म्हणालं, "आजी?"

त्या वेळी मनुबाईला काय करता आलं नसतं? जाळं फेकून द्यायचं, पोरीला उचलायचं, "मीच गो, मीच!" म्हणायचं. एवढंच. खाडीकडून होड्यांची हाक आली. पाणी चढत होतं. सोनाबाईचा धाकटा नातू, कालपरवा पाण्यात सापडलेला, टक्क डोळ्यांनी बघत होता. जाळं काढलं तर तो उद्या निजणार नाही. आज, आत्ता, निजणार नाही. मनुबाईला तो खुंट दिसला.

तिनं शिंपला उचलला आणि आतल्या बाजूनं कूड खरवडला. तीन.

चारी पोरांचे डोळे मिटले. शकूचेही. सगळ्यात आधी शकूचे.

त्या रात्री शकू आजीच्या शेजारी पडली ती पडल्या पडल्या निजली. दुसऱ्या दिवशीही. केसर मिठाची पाटी खाली ठेवून बघतच राहिली.

"आये, काय केलंस गो? मुंबईत हिला निजवायला मला घाम फुटायचा. हू न्हाय की चू न्हाय!"

"सवय झाली," मनुबाई म्हणाली.

केसर तिच्याकडं वळली. "जाळं न्हाय ना दाखवलंस?"

खरं बोललं तर पोर उरणला. न बोललं तर पोर इथं, जवळ, एकाच गोधडीत. मनुबाईनं चुलीत फुंकर घातली. चूल चांगली पेटलेलीच होती.

"न्हाय गो. माझी नात ती."

केसरनं शकूकडं बघितलं. पापण्या थरथरत होत्या, मुठी आवळलेल्या. आईला पोराची झोप ओळखू येत नाही असं कुठं होतं का? पण गिरणीतली जागा सोमवारपर्यंतच होती. "दमली असंल," ती म्हणाली आणि गोधडी पोरीच्या गळ्यापर्यंत ओढली.

ती बाहेर गेल्यावर मनुबाईनं शकूची मूठ हातात घेतली. एक बोट हळूच सोडवलं आणि आपल्या गालावर, त्या वणाशी नेलं. बोट लाकडासारखं ताठ.

"शकू," ती कानाशी म्हणाली, "मी गो. आजी."

डोळे न उघडता पोर घाईघाईनं म्हणालं, "मी निजलेय. मी निजलेय हां."

मनुबाई तशीच बसून राहिली. तेरा वर्षं ती पोरं निजवत होती. तिसऱ्या खरवडीनंतर ती कधी थांबलीच नव्हती. पुढच्या झोपडीची घाई असायची. मिटलेले डोळे बघायचे आणि निघायचं. त्या सगळ्या पोरांतलं एक तरी निजलं होतं का?

दुसऱ्या दिवशी तिनं जाळं नेऊन चुलीत घातलं. भिजट होतं, धड जळलंही नाही, नुसता धूर झाला. शकूनं तो धूर बघितला आणि भिंतीकडं तोंड करून डोळे मिटले. मनुबाईनं गुळाचा खडा दिला. पोरीनं डोळे मिटूनच तोंड उघडलं.

नवव्या दिवशी सकाळी, भरतीच्या पाण्यावर, मांडव्याला जाणारा मचवा निघाला. अर्धा कोळीवाडा काठावर. केसरनं पोरीचा मुका घेतला, डोळे पुसले आणि मचव्यात चढली. शकूचं तोंड वाकडं झालं, रडं अगदी ओठाशी आलं. "आये!" म्हणून ती पाण्याकडं दोन पावलं धावली.

मनुबाईनं पाठून तिचा हात धरला.

शकू जागच्या जागी थांबली. तोंड मिटलं. डोळे मिटले. लख्ख ऊन पडलेलं, समोर आईचा मचवा, आई पदर हलवतेय, आणि पोर डोळे गच्च मिटून उभं. पुटपुटत होतं काहीतरी. मनुबाईला ऐकायला वाकावं लागलं नाही.

मचवा खाडीबाहेर वळेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या. मग मनुबाई घराकडं निघाली. पोरगी डोळे मिटूनच तिच्या हाताला धरून चालत आली, वाळूतून, वलांड्यांच्या मधून, ठेचकाळत. मनुबाई तिला सांगत होती, "हितं दगड हाय. हितं दोरी हाय."

सोनाबाई आपल्या दारात उभी होती. दोघी समोरून जाताना ती म्हणाली, "नशीबवान हायस गो मनु. आयस गेली तरी पोर रडलं न्हाय."